धावताना निसटणारी लघवी: पॅड, लीकप्रूफ पँटी आणि साताऱ्यातील फिजिओथेरपी यांचा वर्षभराचा अनुभव

यवतेश्वरचा घाट चढताना मला कधीही अडचण आली नाही. अडचण आली ती उतरताना. साताऱ्यात धावणाऱ्या माणसाला हा रस्ता पायाखालचा असतो. समर्थ मंदिराकडून घाटाला लागायचे, कासच्या दिशेने जमेल तेवढे वर जायचे आणि त्याच वाटेने खाली यायचे. सातारा हिल हाफ मॅरेथॉनचे २१ किलोमीटरही याच घाटातले, आधी चढ आणि मग उतार असे आहेत. गेल्या वर्षी जुलैमध्ये सरावाच्या एका रविवारी उताराला लागून पाच-सात मिनिटे झाली असतील, तेव्हा प्रत्येक पाऊल टेकताना थोडी थोडी लघवी निसटू लागली आणि मी थांबेपर्यंत दोन्ही मांड्या ओल्या झाल्या. पाऊस कोसळत होता, म्हणून बरोबरच्या कोणाच्याही ते लक्षात आले नाही. गुडघा दुखतो असे सांगून मी चालत घरी आले आणि पुढचे तीन रविवार तेच कारण सांगून घरी बसले.

मी ४४ वर्षांची आहे. दोन बाळंतपणे झाली आहेत आणि दुसऱ्या वेळी चिमटा लावावा लागला होता. शिंक आली की पाय आवळून उभे राहण्याची सवय मला त्या घाटातल्या रविवारच्या कितीतरी आधीपासून होती, पण त्याला आजार म्हणायचे असते हे कोणी सांगितले नव्हते. गेल्या वर्षभरात यासाठी मी जे विकत घेतले आणि ज्या सेवेचे पैसे भरले, त्यांचे हे परीक्षण आहे. सगळे माझ्या पैशांनी घेतलेले आहे. ब्रँडची नावे मुद्दाम देत नाही, कारण एकाच ब्रँडचे पॅड मला नीट बसले आणि माझ्या मैत्रिणीला घासले; नावापेक्षा काय पाहून घ्यायचे हे सांगणे मला अधिक उपयोगाचे वाटते.

वस्तूंकडे वळण्यापूर्वी हे होते कसे ते थोडक्यात सांगते, कारण ते कळले नाही तर कोणती वस्तू कशासाठी आहे तेही कळत नाही. मूत्राशय, गर्भाशय आणि गुदमार्ग यांना खालून तोलून धरणारे स्नायू पुढे जांघेच्या हाडापासून मागे माकडहाडापर्यंत झोळीसारखे ताणलेले असतात. त्यांनाच पेल्व्हिक फ्लोअर म्हणतात. धावताना क्षणभर दोन्ही पाय हवेत असतात आणि मग एका पायावर शरीराच्या वजनाच्या साधारण दोन ते तीन पट भार येतो. त्या धक्क्याने पोटातला दाब वाढतो आणि तो मूत्राशयावर पडतो. झोळी वेळेवर आणि पुरेशी आवळली गेली, तर मूत्रमार्ग मिटलेला राहतो. ती सैल पडलेली असेल किंवा थकलेली असेल, तर तेवढ्या क्षणापुरता तो उघडतो आणि थेंब बाहेर येतात. उतारावर पाऊल अधिक जोराने आदळते आणि तोपर्यंत चढाने स्नायू थकलेले असतात, म्हणून माझी गळती घाटाच्या खालच्या अर्ध्यातच का होत होती हे मला नंतर समजले. डॉक्टरांच्या भाषेत याला स्ट्रेस इनकॉन्टिनन्स म्हणतात. त्यातल्या स्ट्रेस या शब्दाचा अर्थ शरीरावर पडणारा दाब एवढाच आहे, मनावरचा ताण नव्हे. माझ्या ओळखीच्या दोघीजणी मात्र केवळ या नावामुळे ‘मनाला लावून घेऊ नका’ असा सल्ला ऐकून परत आल्या. बाळंतपण, पाळी जाण्याच्या सुमाराला कमी होणारे इस्ट्रोजेन, जुनाट खोकला, बद्धकोष्ठता आणि वाढलेले वजन ही याची नेहमीची कारणे आहेत. मूल न झालेल्या तरुण खेळाडू मुलींनाही, विशेषतः ज्यांच्या खेळात उड्या फार असतात त्यांना, हा त्रास होतो. त्यामुळे घरातली कॉलेजात जाणारी मुलगी ‘दोरीवरच्या उड्या नकोत’ म्हणाली, तर एकदा प्रेमाने कारण विचारावे.

सुरुवातीला मी तेच केले जे बहुतेकजणी करतात: पाळीचे सॅनिटरी नॅपकिन लावले, आणि ते पुरेना तेव्हा एकावर एक दोन लावले. हा उपाय मी पाचापैकी एक गुणाचाही मानत नाही. पाळीचा स्राव दाट असतो आणि सावकाश येतो. लघवी पाण्यासारखी पातळ असते आणि एका झटक्यात येते. नॅपकिनचा वरचा थर ती तेवढ्या वेगाने आत ओढून घेऊ शकत नाही, म्हणून ती कडेने बाहेर पडते आणि कापूस कोरडा असतानाही चड्डी भिजते. शिवाय ओलावा कातडीला लागून राहतो. आठ किलोमीटरनंतर माझ्या दोन्ही जांघा सोलवटल्या आणि दोन दिवस पंजाबी ड्रेससुद्धा नकोसा झाला.

खास लघवीसाठी केलेली पॅड वेगळी मिळतात हे मला एका धावणाऱ्या ताईंनी सांगितले. ती घ्यायला मी पोवई नाक्याच्या बाजूच्या एका मेडिकलमध्ये गेले. मागणी ऐकल्यावर दुकानदाराने मोठ्या माणसांच्या डायपरचा गठ्ठा काढला आणि आवाज खाली आणून विचारले, “पेशंट झोपून आहे का चालता-फिरता?” मी सांगितले की पेशंट मीच आहे आणि मी धावते. त्यांना अडचणीत टाकण्याचा माझा हेतू नव्हता, आणि त्यांनीही मनावर घेऊन आतून दोन-तीन प्रकार शोधून आणले. जे नव्हते ते पुण्याहून मागवून चार दिवसांत दिले. तेव्हापासून हीच पॅड त्यांच्या दुकानात समोरच्या फळीवर दिसतात. वस्तू अजूनही वर्तमानपत्रात गुंडाळून काळ्या पिशवीतच मिळते, पण मिळते हे महत्त्वाचे.

या पॅडमध्ये पाणी शोषून जेलीसारखे फुगणारे दाणेदार रसायन असते, सोडियम पॉलिअक्रिलेट त्याचे नाव. एकदा शोषलेले पाणी ते दाबाखालीही सहसा परत सोडत नाही, आणि धावताना हाच गुण लागतो. पॅड निवडताना मी तीन गोष्टी पाहू लागले. पहिली, लांबीपेक्षा शोषण्याचा भाग पुढच्या बाजूला आहे की नाही, कारण लघवी पुढेच पडते. दुसरी, कडा मऊ आहेत की प्लास्टिकसारख्या करकरीत आहेत. करकरीत कडा चालताना जाणवत नाही, पण दहाव्या किलोमीटरला ब्लेडसारखी लागते. तिसरी म्हणजे मागचा चिकट पट्टा. तो अरुंद असेल, तर घामाने सुटतो आणि पॅड मागे सरकते. सुगंधी पॅड घेऊ नयेत असे मी स्पष्टच सांगेन. त्या वासाने लघवीचा वास झाकत नाही आणि मला तरी त्याने खाज सुटली. घट्ट बसणारी सुती-स्ट्रेच चड्डी आत असल्याशिवाय कोणतेही पॅड जागेवर राहत नाही, आणि जांघेला थोडी व्हॅसलीन लावली तर सोलवटणे जवळपास थांबते. व्हॅसलीन पॅडला लागू देऊ नये, नाहीतर पॅडचा वरचा थर पाणी ओढत नाही.

किती गळते हे नुसत्या अंदाजाने सांगता येत नाही, म्हणून मी ते मोजले. घरी केकसाठी आणलेला ग्रॅमचा काटा होता. कोरडे पॅड एका पातळ प्लास्टिकच्या पिशवीत घालून वजन केले, १३ ग्रॅम भरले. अजिंक्यताऱ्याच्या पायथ्यापासून ‘चार भिंती’ नावाच्या ठिकाणाच्या बाजूने चढ-उताराचे सात किलोमीटर धावून आल्यावर तेच पॅड त्याच पिशवीत घालून पुन्हा ठेवले, तर ४७ ग्रॅम. एक ग्रॅम म्हणजे जवळजवळ एक मिलिलीटर, म्हणजे घामाचा वाटा वजा केला तरी दोन मोठे चमचे भरून लघवी गेली होती. मी ते आकडे कॅलेंडरवर लिहीत असताना सासूबाई मागे येऊन उभ्या राहिल्या. काय मोजतेस म्हणाल्या. मी सांगितले. त्या काही बोलल्या नाहीत, आत गेल्या आणि जुन्या सुती पातळाची हातभर घडी घेऊन आल्या. कडेने धावदोरा घातलेली, मध्ये चार पदर, धुऊन धुऊन मऊ झालेली. “थोरल्याच्या वेळेपासून हे लावतेय गं,” त्या म्हणाल्या. “जत्रेला जायचं मी काय उगाच टाळत होते का?” थोरला म्हणजे माझे मोठे दीर, त्यांचे वय आता ५२ आहे. आईंना प्रवास झेपत नाही असे आम्ही सगळे इतकी वर्षे समजत होतो.

पॅडचा दोष म्हणजे खर्च आणि कचरा. मला एक पॅड साधारण २५ रुपयांना पडते आणि आठवड्याला चार वेळा धावले तर महिन्याला ४०० रुपये होतात. ते टॉयलेटमध्ये टाकता येत नाही. कागदात गुंडाळून सुक्या-ओल्या कचऱ्यापासून वेगळे द्यावे लागते. आणि एक गोष्ट आपल्याकडच्या पावसाची. घाटातल्या मुसळधार पावसात पँट भिजली की पॅड पावसाचे पाणीही शोषून घेते, फुगून जड होते आणि दोन किलोमीटरमध्ये मांड्यांमध्ये लोंबू लागते. कोरड्या दिवसांसाठी मी या पॅडना पाचापैकी चार गुण देईन, पावसाळ्यासाठी दोनच.

पावसाळ्यासाठी म्हणून धुऊन वापरता येणाऱ्या लीकप्रूफ पँटी घेतल्या, तीन नग, एकेक ७०० रुपयांच्या आसपास. बाहेरून त्या साध्या जाड चड्डीसारख्याच दिसतात. मधल्या पट्ट्यात शोषणारे दोन-तीन थर आणि खाली पाणी न झिरपणारा एक थर शिवलेला असतो. धावताना त्या उत्तम. सरकत नाहीत, घासत नाहीत, आवाज करत नाहीत, आणि काही लावले आहे याची सतत आठवण राहत नाही, जी मला पॅडबरोबर राहते. पाकिटावर जेवढे मिलिलीटर लिहिलेले असते तेवढे त्या धावताना धरत नाहीत. तो आकडा पाणी हळूहळू ओतून काढलेला असणार; पाऊल आदळताना दाबले गेले की कड लवकर ओली होते. थोडी गळती असलेल्यांना त्या पुरतात, माझ्या सुरुवातीच्या ३०-३५ मिलिलीटरला पुरत नव्हत्या.

खरी अडचण वाळवण्याची आहे. जुलै-ऑगस्टमध्ये साताऱ्यात ऊन डोळ्यांना दिसत नाही आणि त्या मधल्या जाड पट्ट्याला पंख्याखाली वाळायला पूर्ण दोन दिवस लागतात. पहिल्याच महिन्यात एक पँटी अर्धवट ओली घडी करून ठेवली गेली आणि तिला असा कुबट वास लागला की ती टाकावी लागली. आता मी धावून आल्याबरोबर ती थंड पाण्यात पिळते, नेहमीच्या साबणाने धुते आणि आतली बाजू बाहेर करून गॅसच्या ओट्यापासून दूर पण उबेला टांगते. फॅब्रिक कंडिशनर कधीही घालू नये, त्याने कापडाची शोषण्याची शक्ती जाते. इस्त्रीनेही खालचा पाणी अडवणारा थर खराब होतो. बेताची गळती आणि घरात वाळवायला जागा, या दोन्ही गोष्टी असतील तर पाचापैकी साडेतीन.

येथे एक चूक सांगायलाच हवी, कारण ती मी महिनाभर केली. धावायच्या आदल्या संध्याकाळपासून मी पाणी पिणे बंद करत असे आणि निघण्यापूर्वी तीन-तीन वेळा बाथरूमला जात असे. पाणी कमी प्यायल्याने लघवी घट्ट होते आणि मूत्राशयाला चुरचुरते, घाई वाढते, बद्धकोष्ठता होते आणि जंतुसंसर्गालाही वाव मिळतो. वाटले नसतानाही पुन्हा पुन्हा जाऊन बसण्याने मूत्राशयाला थोड्याशाच साठ्यावर हाक मारायची सवय लागते. निरोगी मोठ्या माणसाच्या मूत्राशयात ४०० मिलिलीटर किंवा त्याहून अधिक लघवी सहज मावते आणि दिवसातून सात-आठ वेळा जाणे नेहमीचे मानले जाते. माझे त्या महिन्यात १४ वर गेले होते.

आता ज्या सेवेसाठी हे सगळे लिहायला घेतले तिच्याकडे येते. पहिल्यांदा मी ज्या दवाखान्यात गेले तेथे दोन मिनिटांत उत्तर मिळाले: “दोन मुलं झाली, आता एवढं चालायचंच. धावणं सोडा आणि चाला.” मी रडत परत आले हे लिहायला मला संकोच वाटत नाही, कारण धावणे ही माझी दिवसातली एकमेव माझी वेळ आहे. ज्या जिल्ह्यातील माण तालुक्याच्या मोही गावची ललिता बाबर २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये ३००० मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत दहावी आली, त्या जिल्ह्यात बाईला धावणे सोडा हा सल्ला इतक्या सहज मिळू नये असे मला फार वाटते. दुसऱ्या एका स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंनी मात्र तपासून, लघवीची तपासणी करून, जंतुसंसर्ग नाही आणि अंगही बाहेर येत नाही याची खात्री केली आणि सदर बझारमधील एका महिला फिजिओथेरपिस्टकडे चिठ्ठी दिली.

पहिली भेट पाऊण तासाची होती आणि त्यातली अर्धी केवळ प्रश्नांची. किती पाणी, किती चहा, शौचाला कुंथावे लागते का, खोकला आहे का, बाळंतपणात टाके किती, धावताना नेमके कोणत्या किलोमीटरला. आधी तीन दिवसांची नोंदवही भरून आणायला सांगितले होते: किती वाजता किती प्यायले, किती वाजता किती लघवी झाली, केव्हा निसटली. त्यासाठी घरातले एक जुने मापाचे भांडे बाथरूममध्ये गेले. मग तपासणी. ती आतून करावी लागते हे त्यांनी आधी समजावले, नको असेल तर बाहेरून बघूनही सुरुवात करता येते असे सांगितले, आणि माझा होकार घेतल्यावरच हातमोजे घातले. तपासणीत कळले ते मला अनपेक्षित होते. मी घरी व्हिडिओ पाहून तीन महिने जो व्यायाम करत होते, त्यात मी आवळण्याऐवजी खाली जोर देत होते, म्हणजे ज्या झोळीला वर उचलायचे तिलाच दररोज खाली ढकलत होते. ताकदीचे मोजमाप शून्य ते पाच असे असते. माझे दोन आले.

त्यांनी शिकवले ते शब्द मी जसेच्या तसे लिहिते, कारण इतर कोणत्याही वर्णनाने मला ते जमले नव्हते. “ताई, चारचौघांत वायू रोखून धरायचाय असं समजा. तिथून सुरू करा आणि तेच आवळणं पुढं लघवीच्या जागेपर्यंत आणा, मग आत आणि वर ओढा. पोट, ढुंगण, मांड्या यांना सुट्टी. श्वास रोखला तर चुकलं.” मी श्वास रोखत होते. तो सुटायला दोन आठवडे गेले.

या व्यायामाला जगभर केगल म्हणतात, कारण आर्नल्ड केगल या अमेरिकी स्त्रीरोगतज्ज्ञाने तो १९४८ मध्ये, आवळण्याचा दाब मोजणाऱ्या उपकरणासह मांडला. आज निरनिराळ्या देशांच्या उपचार मार्गदर्शिकांमध्ये अशा गळतीवरचा पहिला उपाय म्हणून हाच सांगितला जातो: जाणकाराच्या देखरेखीखाली, किमान तीन महिने, दिवसातून तीन वेळा आणि प्रत्येक वेळी किमान आठ आवळणी. माझा क्रम पाठीवर झोपून तीन सेकंदांपासून सुरू झाला आणि दहा सेकंदांपर्यंत गेला. आवळण्याइतकाच वेळ पूर्ण सैल सोडण्यालाही द्यायचा होता. त्याशिवाय दहा झटपट आवळणी, कारण धावताना स्नायूला सावकाश जोर लावायला वेळच नसतो. मग बसून, मग उभे राहून, मग पायरी चढता-उतरताना, आणि शेवटी जागेवर हलक्या उड्या. शिंकेच्या किंवा खोकल्याच्या अगदी आधी आवळून घ्यायची युक्ती सगळ्यात लवकर फळली. आठवडाभरातच शिंकेला घाबरणे गेले. लघवी करताना मध्येच धार तोडून सराव करायचा नाही हे त्यांनी बजावले, कारण त्याने मूत्राशय पूर्ण रिकामे होत नाही.

सहाव्या आठवड्यात मी सोडून देणार होते. कॅलेंडरवरचे आकडे ३४, ३१, ३३, ३० असे रेंगाळत होते. फिजिओथेरपिस्टने त्या दिवशी मला मैदानावर बोलावले आणि माझे धावणे पाहिले. मी लांब टांगा टाकत होते, पाऊल शरीराच्या फार पुढे पडत होते आणि मिनिटाला पावले १५८ होती. टांग आखूड करून ती १६८ पर्यंत न्यायला, उतारावर मागे रेलून ब्रेक लावत न येता अंग किंचित पुढे ठेवायला आणि पोट कायम आत ओढून न धावायला त्यांनी सांगितले. मला सर्वांत नवे वाटले ते हे शेवटचे: पोट सतत आवळून ठेवले की दाब खालीच जातो. नवव्या आठवड्यात पॅड १९ ग्रॅमने वाढले, बाराव्यात ८ ग्रॅमने. बाराव्या आठवड्याच्या तपासणीत ताकद चार आली.

सेवेतले दोष सांगितल्याशिवाय हे परीक्षण पुरे होणार नाही. तपासणीच्या खोलीला दार नाही, पडदा आहे, आणि पलीकडे खांदे दुखणारे आजोबा बसलेले असतात. बाहेर टेबलावर बसणारी मुलगी सगळ्यांसमोर मोठ्याने “कशासाठी आलाय?” विचारते, मी पहिल्या दिवशी पुन्हा गुडघ्याचेच नाव घेतले. याबद्दल मी लेखी कळवले, त्यानंतर चिठ्ठीवर लिहून घेण्याची पद्धत सुरू झाली, पडदा मात्र अजून पडदाच आहे. वेळा दुपारी १२ ते ४ एवढ्याच असल्याने नोकरी करणाऱ्या बाईला रजा टाकावी लागते. एका भेटीचे ५०० रुपये होतात आणि बारा आठवड्यांत मला आठ भेटी लागल्या, म्हणजे ४००० रुपये. दहा महिन्यांच्या पॅडचा खर्च तेवढाच होतो, आणि पॅड थांबवले की गळती पुन्हा तेथेच असते. शिकवण्याला पाचापैकी पाच, जागेला दोन.

सगळ्यांना हाच व्यायाम लागू पडत नाही हेही लिहून ठेवते. काही जणींचे हे स्नायू सैल नसून सतत आकसलेले असतात. त्यांना ओटीपोटात किंवा संबंधाच्या वेळी दुखते, आणि त्यांनी आवळण्याचा व्यायाम केला तर त्रास वाढतो. त्यांना आधी सैल सोडायला शिकावे लागते, आणि हा फरक मोबाइलवरच्या ॲपला कळत नाही. मी एक तसे ॲप आणि आत ठेवायचे एक बॅटरीवरचे यंत्रही मागवले होते; ते चुकीचे आवळणेही बरोबर म्हणून मोजत होते, तेव्हा मी ते परत केले. ज्यांना व्यायामाने पुरेसा फरक पडत नाही त्यांच्यासाठी योनीत बसवायची सिलिकॉनची रिंग आणि शस्त्रक्रिया हे पर्याय असतात, ते तज्ज्ञ डॉक्टरांशी बोलून ठरवायचे. लघवीत रक्त, जळजळ, ताप, अंग बाहेर येत असल्याची भावना, अचानक लघवी अडणे किंवा जांघेत बधिरपणा यांपैकी काहीही असेल, तर पॅड शोधत बसू नये, आधी डॉक्टर गाठावा. बाळंतपण नुकतेच झाले असेल, तर धावण्याची घाई करू नये. किमान तीन महिने जाऊ द्यावेत आणि आधी या स्नायूंची तपासणी करून घ्यावी.

सध्या मी आठवड्यातून तीन दिवस व्यायामाचा छोटा क्रम करते, कारण सोडला की दोन-तीन आठवड्यांत फरक कळतो. गोडोली तळ्याच्या बाजूला सपाटीवर धावताना काही लावत नाही. घाटाच्या दिवशी पाऊस नसेल तर एक पातळ पॅड, पाऊस असेल तर पँटी. परवाच्या रविवारी यवतेश्वरहून खाली आल्यावर काट्यावर ५ ग्रॅम वाढले, सगळे शेवटच्या तीन किलोमीटरमधले, आणि त्यातही घाम किती हे सांगता येत नाही. काट्याशेजारच्या कॅलेंडरवर आता दोन रांगा असतात. दुसरी सासूबाईंची आहे. त्यांची चौथी भेट झाली, आवळणे सहा सेकंदांवर आले आहे, आणि पडद्याबद्दल त्यांनीही त्या मुलीला सुनावले आहे.